आठ एमबीची कासवीण

तीर्थस्वरूप भावोजींना नमस्कार. तो मनापासूनचा आहे हे इथेच लिहून ठेवतो, कारण पुढची पानं वाचताना तुम्हाला तशी शंका येईल.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कुरकुरतो असं ताई म्हणाली. ताईची झोप सुधारली का? आमच्याकडे सगळं ठीक आहे. आई बरी आहे. बायको बरी आहे आणि माझ्याशी बोलते आहे (मध्यंतरी बोलत नव्हती, त्याचं कारण ओघात येईल). बरा नाही तो मी. मला ताप नाही, खोकला नाही. माझा अपमान झाला आहे आणि तो अंगात मुरला आहे, म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो भावोजी' म्हणतो, असा आपला शिरस्ता आहे. कागदावर निदान तुम्हाला मध्ये बोलता येत नाही.

मुद्द्याचं म्हणजे तुमचा तो 'जरा'. तुम्हाला आठवत नसेल. माझी फिल्म वेबसाइटवर चढत नाही असं मी काकुळतीला येऊन सांगितलं, तेव्हा तुम्ही चहा पिता पिता (घोटाचा आवाज मला ऐकू आला) म्हणालात, "अरे, एक्सपोर्ट करताना फाइल जरा लहान करायची. काय त्यात." तुम्ही जन्मभर कॉम्प्युटरच्या कंपनीत होतात हे खरं. पण तिथे तुम्ही कॉम्प्युटर विकण्याच्या खात्यात होतात, आणि विकणाऱ्या माणसाला सगळंच 'काय त्यात' असतं. त्या एका 'जरा'पायी मी काय काय भोगलं ते आता सविस्तर ऐका.

आधी फिल्म काय होती ते सांगतो, कारण तुम्ही ती अजून पाहिलेली नाही. (ताईने पाहिली. तुम्ही 'नंतर बघतो' म्हणालात.) माझा धंदा कवळ्या करण्याचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे, जरी ओळख करून देताना तुम्ही 'मेडिकल लाइनमध्ये आहे' असं म्हणता. घरामागच्या खोलीत दिवसभर गुलाबी मेण, प्लास्टर आणि घासायची मोटर. ज्या डॉक्टरीणबाईंना मी कवळ्या पुरवतो, त्यांची एक तक्रार होती. म्हातारी माणसं कवळी करून घेतात, घरी नेतात, पेल्यात पाण्यात घालून ठेवतात आणि पुन्हा तोंडात म्हणून घालत नाहीत. त्यांच्यासाठी काहीतरी गमतीशीर फिल्म दवाखान्याच्या नव्या वेबसाइटवर टाकावी असं बाईंच्या मनात आलं. बाजारात तशी तयार मिळते. ती मी पाहिली. तिच्यात एका दाढेला हात आहेत, पाय आहेत, आणि ती दाढ ब्रश खांद्यावर टाकून हसते. हसताना तिचे दात दिसतात. दाताला दात. मी आयुष्यभर दात केलेला माणूस, मला ते बघवेना. मी म्हटलं, बाई, मी करून देतो.

आणि केली. कवळीच्या गुलाबी मेणाची कासवीण केली, तिच्या पाठीवर एकेक खवला कोरला. प्लास्टरची भुकटी पसरून वाळवंट केलं. कासवीण केसाइतकी पुढे सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची, पुन्हा फोटो. दिव्याच्या उष्णतेने मेण मऊ पडायचं आणि दुपारपर्यंत बाईसाहेब पोटावर बसायच्या, की फ्रीजमध्ये ठेवून परत ताठ करायच्या. हे सगळं जेवणाच्या टेबलावर चाललं होतं, कारण मागच्या खोलीत मोटर फिरली की वाळवंट हलतं. त्यामुळे घरातल्या माणसांनी इतके दिवस ताट मांडीवर घेऊन जेवण केलं. बायकोने एकदाच विचारलं, "टेबल कधी मिळेल?" मी म्हटलं, कासवीण पोचली की. ती म्हणाली, "कुठवर आलीय?" मी बोटाने दाखवलं. तेव्हापासून ते बोलणं बंद झालं होतं.

गोष्ट साधी आहे. कासविणीला नवी कवळी मिळालेली असते, ती तिला नको असते. ती परत करायला ती वाळवंट तुडवत बगळा डॉक्टरकडे निघते. वाटेत सगळ्यांना डॉक्टरच्या तक्रारी सांगते, पण बोळक्या तोंडाने, त्यामुळे कुणाला काही कळत नाही आणि सगळे नुसते 'हो का' म्हणतात. शेवटी बगळ्यासमोर उभी राहिल्यावर तिच्या ध्यानात येतं की या माणसाला नीट झाडायचं तर शब्द स्वच्छ यायला हवेत. मग ती कवळी घालते, त्याला यथासांग झाडते, आणि झाडून झाल्यावर काढायची विसरते. एवढंच.

आवाज आईचा. यामागे माझा एक हेतू होता, तो तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी आईची कवळी केली त्याला बराच काळ झाला. माझ्या हातून झालेली ती सगळ्यात चांगली कवळी आहे, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आणि ती स्वयंपाकघरातल्या फळीवर, कान तुटलेल्या कपात, पाण्यात पडून आहे. बाबा गेल्यापासून आईने ती घातली नाही. 'कुणाला दाखवायचेत दात,' म्हणते. हळूहळू तिने बाहेर जेवायला जाणं सोडलं, मग मैत्रिणींकडे जाणं सोडलं, कारण तिथेही काहीतरी खायला पुढे करतात आणि ती मऊ-मऊ शोधत बसते. कवळ्या करणाऱ्याच्या आईने बोळक्याने हिंडावं, हे धंद्याला बरं दिसत नाही असं मी लोकांना सांगतो. खरं कारण ते नाही.

तर आई तयार झाली. खोलीत आवाज घुमतो म्हणून तिला गाद्या-रजयांच्या कपाटात स्टुलावर बसवलं, हातात फोन दिला. तिने माझं लिहिलेलं एकही वाक्य बोललं नाही. सगळं स्वतःचं बोलली. "फगळ्या जगाने मला फफवलंय" हे वाक्य मी लिहिलेलं नाही, भावोजी, ते कपाटातून आलेलं आहे. शेवटच्या प्रसंगासाठी कवळी घालायला मात्र ती तयार होईना. मी विनवलं, बायकोने विनवलं. शेवटी मी म्हटलं, राहू दे, शेवटचं मी बायकोकडून बोलून घेतो. त्यावर कपाटाचं दार आतून ढकललं गेलं आणि हुकूम आला, "तो कप आण." आईने कवळी घातली आणि बगळ्याला असं काही झाडलं की मी आणि बायको दोघंही नकळत सरळ उभे राहिलो. 'स' म्हणजे कसा, कात्रीने कापड कापावं तसा. झाडून झाल्यावर तिने कवळी काढली आणि कपात टाकली. पण आवाज माझ्याकडे आला होता. आधीचा तो 'फ' आणि नंतरचा हा 'स', यातच सगळी फिल्म आहे. हे नीट लक्षात ठेवा, पुढे तुमच्यावरचा आरोप याच कलमाखाली येणार आहे.

फिल्म झाली, टेबल मोकळं झालं, बायको बोलू लागली. मी सगळ्यात उत्तम दर्जा निवडून फाइल काढली, कारण आपलंच पोर आहे, त्याला कनिष्ठ दर्जा का द्यावा? ती झाली तीन जीबीची. ती मी वेबसाइट करणाऱ्या माणसाकडे घेऊन गेलो. या साइटवाल्याचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे, तिथे दोन खुर्च्या आहेत आणि दुसऱ्या खुर्चीवर त्याची बॅग बसते. मी उभा. त्याने पेनड्राइव्ह लावला, आकडा बघितला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या ऑफिसात जिवंत म्हैस आणली आहे. म्हणाला, "काका, आठ एमबी." मला वाटलं, आठ एमबी जास्त झालंय. तसं नव्हतं. सगळं मिळून आठ. तीन जीबीतून आठ एमबी म्हणजे किती, ते मी घरी येऊन हिशेब करून बघितलं आणि तो कागद फाडून टाकला. अख्ख्या हत्तीतून कान ठेवा असं सांगण्यापैकी आहे ते. वर म्हणतो, "महिनाभरात द्या, नाहीतर बाईंना सांगतो ती दाढवाली टाकू."

मग मी तुम्हाला फोन केला. इथून पुढचं सगळं तुमच्या नावावर आहे.

तुमचा पहिला सल्ला, चित्राचं माप कमी कर. केलं. माझ्या स्क्रीनवर कासवीण मसुराच्या डाळीएवढी दिसू लागली, पण सुबक दिसत होती, म्हणून मी समाधान मानलं. साइटवाल्याने ती पानावर लावली आणि पान तिला ताणून भिंतीएवढं करतं. माझी खवला खवला कोरलेली कासवीण चौकोनी फरशा बसवल्यासारखी झाली. डोळा कुठला आणि शेपूट कुठली, हे ती चालायला लागल्यावरच कळायचं. आणि एवढं होऊनही वजन ऐंशी एमबी.

तुमचा दुसरा सल्ला, झिप कर. मी केलं. फाइल होती तेवढीच राहिली. (व्हिडिओ आधीच दाबून बांधलेला असतो, त्यावर पिशवी चढवून तो लहान होत नाही, हे मला नंतर कळलं. तुम्हाला ते आधी माहीत असायला हवं होतं.) तिसरा सल्ला, सेकंदाला इतकी चित्रं कशाला, निम्मी काढून टाक. काढली. कासवीण बेडकासारखी टुणटुण जाऊ लागली. आईने ती बघितली आणि मला विचारलं, "हिला उचकी लागलीय का?" मी तुमचं नाव सांगितलं. तर म्हणते, "जावईबापू म्हणत अफतील तर अफेल काहीतरी कारण." भावोजी, या घरात मी पोटचा मुलगा आहे, पण तुम्ही सांगितलं असतं तर तिने कासवीण उडतानासुद्धा बघून घेतली असती.

चौथा सल्ला म्हणजे ते जिफ. "जिफ करून टाक, वेबवर सगळे जिफच टाकतात," हे तुमचे शब्द आहेत, बायको साक्षीला आहे, फोन स्पीकरवर होता. मी एक अख्खा रविवार घालवून जिफ केलं. जिफला आवाज नसतो, हे तुम्ही सांगितलं नाही. त्याला रंगही मोजकेच चालतात, तेही सांगितलं नाही. त्यामुळे गुलाबी कासविणीच्या अंगावर गोवर उठल्यासारखे ठिपके आले. आणि ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप, ते वजन चौपट झालं. आवाज गेला, रूप गेलं आणि वजन वाढलं. माझ्या ओळखीत निवृत्तीनंतर असं झालेली माणसं आहेत, पण त्यांनी सल्ला विचारून करून घेतलेलं नाही.

तरीही मी तुम्हाला पुन्हा फोन केला, हे माझ्या सहनशीलतेचं लक्षण समजा. तेव्हा तुम्ही तो पाचवा सल्ला दिलात. "आवाजाला एवढा दर्जा कशाला? कासवच बोलतंय ना? आवाज कमी कर." मी आवाजाचा दर्जा तळाला नेला. साठ एमबीची फाइल होती, ती एकोणसाठ झाली. एक एमबी वाचला, भावोजी. आणि काय गेलं ते ऐका. आवाज दाबला की सगळ्यात आधी त्यातले बारीक, टोकदार सूर कापले जातात. माणसाच्या बोलण्यात ते टोक कुठे असतं? 'स'मध्ये. फिल्म लावली, कासवीण बगळ्यासमोर गेली, ऐटीत कवळी घातली आणि विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी म्हणाली, "फमजता काय फ्वतःला?"

मी ती आईला दाखवायला नको होती. ती शेजारी येऊन कधी बसली ते कळलं नाही. शेवटपर्यंत तिने बघितलं, मग उठली. म्हणाली, "बघ, घालून काही फरक पडत नाही." आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने फळीवरचा तो कप उचलून वरच्या कपाटात, बरण्यांच्या मागे ठेवून दिला. दार लावल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. मी दातओठ खाल्ले ते त्या वेळी. तुमच्या गुडघ्याचा विचार मनात आला, आणि तो चांगला विचार नव्हता.

दुसऱ्या दिवशी साइटवाल्याकडे जाऊन बसलो. म्हणजे त्याची बॅग खाली ठेवली आणि खुर्चीवर बसलो. म्हटलं, तू हे लहान का होत नाही ते मला समजावून सांग, मग मी उठतो. त्याने कंटाळून फिल्म थांबवत थांबवत दाखवली. कॉम्प्युटर म्हणे आळशी कारकुनासारखा असतो. एका चित्रातून दुसऱ्यात जे बदललं नाही, त्याच्यापुढे तो नुसतं 'वरीलप्रमाणे' असं लिहितो, त्याला जागा लागत नाही. जे बदललं तेवढंच नव्याने लिहितो. मी म्हटलं, मग उत्तम, बदलते ती फक्त कासवीण. तो म्हणाला, "काका, वाळू बघा." बघितली. माझ्या वाळवंटातला कणन् कण दर चित्रात हललेला होता. माझा श्वास, माझी बाही, खिडकीतला वारा. शिवाय ढग आला-गेला की उजेड बदलायचा, म्हणजे सगळं वाळवंट पुन्हा नवं. ज्या वाळूवर मला अभिमान होता, तीच साठातले जवळजवळ सगळे एमबी गिळून बसली होती. आणि आई बिचारी एका कोपऱ्यात दीड एमबीत बसून बोलत होती, तिच्याच अंगावरचे कपडे आम्ही कापत होतो.

त्याने आणखी एक सांगितलं ते कामाचं होतं. चित्राचं माप, झिप, जिफ हे सगळं राहू द्या. आठ एमबीला फिल्मच्या लांबीने भागा, म्हणजे दर सेकंदाला किती शिधा मिळतो ते निघतं. तो आकडा एक्सपोर्टच्या वेळी स्वतः भरा, त्याला बिटरेट म्हणतात. आणि दोनदा फिरवायला सांगा, म्हणजे पहिल्या फेरीत कॉम्प्युटर सगळं नुसतं बघून घेतो आणि दुसऱ्या फेरीत जिथे गरज तिथे जास्त वाढतो. मग म्हणाला, "आणि ते चालणं कापा. फार वेळ चालते ती." मी म्हटलं, कासव आहे ते. तो म्हणाला, "म्हणूनच." मी उठलो.

घरी येऊन बायकोला वाळूचं सांगितलं. ती इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "मग काढा ती वाळू." मी तिला कलेच्या दृष्टीने वाळवंटाचं महत्त्व सांगू लागलो. तिने इस्त्री उभी केली आणि विचारलं, "तुम्हाला वाळू दाखवायचीय की सासूबाई ऐकवायच्यात?" फिक्या पिवळ्या रंगाचा एक जाड पुठ्ठा आणला, खिडकीला दुहेरी पडदा लावला, दिवा टेबलाला तारेने बांधला, आणि कासवीण पुन्हा पहिल्यापासून चालू लागली. ताटं पुन्हा मांडीवर गेली. या वेळी बायको स्वतः फोटोचं बटण दाबत होती आणि मी सरकवत होतो, त्यामुळे बोलणं बंद पडलं नाही, उलट फार झालं.

फाइल निघाली ती साडेसात एमबी. कासविणीचा खवला न् खवला दिसतो. चालणं एक पाऊलही कापलेलं नाही. आणि आईचा आवाज पूर्ण दर्जाचा, जसा कपाटातून आला तसा, फ ला फ आणि स ला स. साइटवाल्याने आकडा बघितला आणि बॅग उचलून खुर्ची माझ्यापुढे केली. मी एवढ्यावर समाधान मानून हे पत्र लिहिलंच नसतं. पण अपमान अजून बाकी होता.

नवी वेबसाइट सुरू होण्याच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बाहेरच्या खोलीत, जिथे पेशंट नंबर लावून बसतात, तिथल्या टीव्हीवर ती लावली होती. मी आईला घेऊन गेलो. यायला ती राजी नव्हती, पण नवी साडी मात्र तिनेच काढली. खुर्च्या भरलेल्या. बरीचशी म्हातारी माणसं, कुणी गालाला रुमाल लावलेला. फिल्म सुरू झाली, कासवीण डोकं बाहेर काढते, तोंड उघडते, आणि आवाज नाही. मी टीव्हीचा आवाज वाढवला. नाही. मागची वायर हलवून बघितली. नाही. साइटवाल्याला फोन केला तर शांतपणे म्हणतो, "वेबवर व्हिडिओ आपोआप सुरू झाला की तो मुकाच सुरू होतो. सगळीकडे तसंच असतं. लोकांना आवाज आवडत नाही. ज्याला हवा तो खाली बटण दाबेल." ते बटण दाबायचा कॉम्प्युटर बाईंच्या आतल्या खोलीत, आणि आत एक पेशंट आ वासून पडलेला, दार बंद. ज्या आवाजासाठी मी तुमच्याशी, साइटवाल्याशी, वाळूशी आणि स्वतःशी भांडलो, तो आठ एमबीत व्यवस्थित बसलेला होता आणि सरकारी फायलीसारखा आत पडून होता. टीव्हीवर कासवीण नुसती जबडा हलवत होती. समोरचे एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "काय म्हणतेय ती?" शेजारी म्हणाला, "काय की." मला खुर्चीत लहान व्हावंसं वाटलं.

तेव्हा आई बोलायला लागली. बसल्या जागेवरून, टीव्हीकडे बघत, त्या कासविणीच्या तोंडाशी तोंड जुळवून. "फगळ्या जगाने मला फफवलंय." खोली एकदम तिच्याकडे वळली. आई थांबली नाही. वाटेतल्या उंटाशी बोलली, सरड्याशी बोलली, दोघांना डॉक्टरच्या तक्रारी सांगितल्या. कुणीतरी हसलं, मग रुमालवालेही हसले, एक बाई गाल धरून हसत होत्या. इकडे मला घाम फुटला होता, कारण कासवीण बगळ्याच्या दाराशी आली होती आणि पुढचा प्रसंग मला ठाऊक होता. आईने मांडीवरची पर्स उघडली. आतून रुमाल काढला, रुमालातून कवळी काढली. बरण्यांच्या मागून ती केव्हा काढून आणली होती, देव जाणे. सगळ्यांच्या देखत, टीव्हीवरच्या कासविणीच्या जोडीने, तिने ती घातली, अंगठ्याने वर दाबली, आणि आतल्या बंद दाराकडे बोट करून म्हणाली, "समजता काय स्वतःला? सोसायचं आम्ही, आणि पैसे तुम्ही सोडायचे नाहीत?" आणि पुढचं सगळं. दार उघडून डॉक्टरीणबाई मास्कसकट बाहेर येऊन उभ्या राहिल्या, मागे तो पेशंट आ तसाच ठेवून वाकून बघत होता. आईने त्यांना शेवटच्या शब्दापर्यंत झाडलं. मग तीच फिल्म पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली (ती गोल गोल फिरत राहते), आणि जे नंतर आले होते त्यांनी 'आजी, पुन्हा' म्हटलं.

परत येताना आईने वाटेत एक सफरचंद घेतलं आणि रस्त्यातच चावलं. मी कवळीकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "वरची डाव्या बाजूला जरा लागते. घासून दे." भावोजी, इतक्या वर्षांत या वस्तूबद्दल तिने केलेली ही पहिली तक्रार. मी त्याच संध्याकाळी घासून दिली.

आता ती एक दिवसाआड दवाखान्यात जाते, दहाला, स्वतःहून. साइटवाला आवाज चालू करून द्यायला तयार आहे, पण डॉक्टरीणबाईच नको म्हणतात. तिथल्या दोन-तीन आजींशी तिची ओळख झाली आहे, त्यांच्याकडे ती जेवायलाही जाऊन आली. तेव्हा तक्रार करावी असं वास्तविक काही उरलेलं नाही, हे मला दिसतं. पण मी इतके दिवस साठवून ठेवलेला राग नुसता फेकून कसा देऊ? तो तुम्हाला पाठवत आहे. पाचही सल्ल्यांचा निषेध नोंदवून, ताईला आणि तुम्हाला सगळ्यांचा नमस्कार कळवून, गुडघ्याला तेल लावत जा असं सांगून हे आवरतं घेतो.

तुमचाच, अजून धुमसत असलेला मेहुणा.

ता. क. हे ताईला वाचायला दिलंत तर आधी चहा प्या. ती तुमची बाजू घेणार नाही.

आणखी ता. क. तुम्हाला नावं ठेवली ती सगळी आईला वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग दवाखान्यात ती काय सांगते ते मला सांगितलं. तिथे खुर्चीखुर्चीपर्यंत ही माहिती पोचलेली आहे की फिल्म मुलाने केली, पण तीन जीबीची आठ एमबी केली ती जावयांनी, कारण ते कॉम्प्युटरमधले आहेत.

शेवटचं, आणि खरं म्हणजे यासाठीच लिहायला बसलो होतो. डॉक्टरीणबाईंना दुसरी फिल्म हवी आहे, आणि ती आईने लिहिली आहे. तिच्यात कासविणीचा जावई येतो, एक रुबाबदार घोरपड, आणि तो सगळ्यांना सल्ले देतो. आवाज तुमचाच हवा, दुसरा कुणीही नको, असा आईचा हट्ट आहे. तेव्हा ताईला घेऊन आठ दिवस या. कपाट रिकामं करून ठेवतो, आत गुडघा लांब करता येईल असं स्टूल ठेवलं आहे. फक्त अडचण एक. आईने जावयाला इतकं काही बोलायला दिलं आहे की फिल्म पहिलीच्या दुप्पट लांब होते, साइटवाला आठ एमबीवरून हलत नाही, आणि आई तुमचा एक शब्द कापू देत नाही. म्हणून हात जोडून विनंती, भावोजी, बोलताना थोडं भरभर बोला.